साळूचा भारा

ज्या साली अभिमन्यूच्या धाकट्या पोरीचं जावळ काढलं, त्या सालची ही गोष्ट. कोरोना सरला होता, पण मास्क अजून कुणाकुणाच्या गळ्यात लोंबत होते. जावळाला पोरीचा मामा आला, पोरगी त्याच्या मांडीवर बसून वेशीपर्यंत ऐकू जाईल अशी रडली, पाव्हण्यांची जेवणं उरकली, आणि चंद्रभागाबाईंनी सुनेला चुलीपाशी बोलावून सांगून टाकलं.

"दोन लेकरं झाली. एक पोरगा, एक पोरगी. बास झालं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी दवाखान्यात जायचं आन् पिशवी काढून यायची. अभिमन्यूला म्या सांगितलंय."

शिवकन्या राखेनं परात घासत होती. "बरं, आत्याबाई," म्हणाली आणि घासत राहिली.

गाव बीड जिल्ह्यातलं, चकलांब्याच्या अंगाला, माळावरचं. जमीन हलकी, पाणी बेताचं. दिवाळी झाली की निम्मं गाव ट्रॅक्टरवर बसून ऊस तोडायला जातं आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परत येतं. फडात नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता, आणि अर्ध्या कोयत्याला टोळी नेणारा मुकादम दारात उभं करत नाही. बाई दुखण्यानं एक दिवस झोपडीत राहिली की जोडीला खाडा लागतो, म्हणजे न केलेल्या कामाचा दंड बसतो. म्हणून या भागातल्या बायांनी कधीतरी असं ठरवून टाकलं होतं की लेकरं झाल्यावर गर्भाची पिशवी म्हणजे नुसती कटकट. पाळी नको, दुखणं नको, खाडा नको. गल्लीतल्या निम्म्या बायांची पिशवी तिशीच्या आतच गेली होती. चंद्रभागाबाईंची अभिमन्यू दहा वर्षांचा असताना काढली. आता त्या पंचेचाळीसच्या आसपास होत्या, पण भिंतीला हात लावल्याशिवाय उठवत नव्हतं.

शिवकन्या चोवीसची. मागच्या हंगामापासून तिच्या अंगावरून पांढरं जायचं, ओटीपोट दुखायचं. तालुक्याच्या एका खासगी दवाखान्यात मशीनवर बघून डॉक्टरनं सांगितलं होतं, पिशवीला सूज आहे, ठेवली तर पुढं कॅन्सरची भीती. कॅन्सर हा शब्द ऐकला की माणूस पुढचं काही ऐकत नाही. चंद्रभागाबाईंनीही ऐकलं नाही. त्यांच्या डोळ्यांपुढं एकच येत होतं, सून आजारी पडली तर अभिमन्यू अर्धा कोयता होईल. त्या स्वतः आणि त्यांचा नवरा धर्मराज, ही जोडी तर कधीच मोडकळीला आलेली. मग खाणार काय?

गावातल्या उपकेंद्राची सिस्टर होती द्वारका. साळू सुईणीची लेक. घर गावकुसाबाहेर, मांगवाड्यात. गाव तिला तोंडावर सिस्टर म्हणायचं आणि पाठीमागं साळूची द्वारकी. कोरोनात फडावरून परतलेल्या टोळ्यांना गावानं वेशीबाहेरच्या शाळेत ठेवलं, सख्ख्या भावांनी डबा लांबून सरकवला, तेव्हा वर्गात सगळ्यांत आधी शिरली ती द्वारकाच. पण उपकार पाण्यावरच्या रेघेसारखे असतात.

तिची आई साळू म्हणजे या गावाचं दारच. ज्याचं वय वीसच्या पुढं, तो साळूच्या हातात जन्मलेला. अभिमन्यू पोटात आडवा आला होता. दवाखाना लांब, रस्ता चिखलाचा. साळूनं तेल लावून पोट चोळलं, बोलत बोलत पोर फिरवलं आणि बाहेर काढलं. त्या दिवसांत साळू थेट आतल्या घरात वावरायची. चुलीशी बसायची, बाळंतिणीला शेक द्यायची, आपल्या हातानं पाणी पाजायची. पाचव्या दिवशी सटवाईची पूजा झाली की तिला लुगडं-नारळ द्यायचे, तिनं उंबरा ओलांडायचा, आणि मग सगळं घर शेणानं सारवून गोमूत्र शिंपडायचं. पुढल्या बाळंतपणापर्यंत तिची जागा ओट्याखाली. असं चालत आलं होतं. चंद्रभागाबाईंनीही तसंच केलं. साळूला काय वाटतं, हे कुणी विचारलं नव्हतं.

पोरीला डोस द्यायला द्वारका सिस्टर आली ती दसऱ्याच्या आठवडाभर आधी. ओट्याच्या कडेला टेकली. पोरीला टोचून झालं, पोरीनं तिच्या नावानं बोंब ठोकली. शिवकन्या तिला उचलताना वाकली आणि एक हात पोटावर दाबून धरला. सिस्टरच्या नजरेतून ते सुटलं नाही. विचारपूस झाली, पिशवीची गोष्ट निघाली.

"काकू, कावून काढायची पिशवी?"

"कावून म्हंजे? दुखतंय तिला. सूज हाय म्हनला डाक्टर."

"गाठ हाय म्हनला का?"

"न्हाई. सूज."

"मग सुजंला गोळ्या असत्यात. पाय सुजला म्हनून कुनी पाय तोडून टाकतंय का?"

"पाय चालाया लागतोय," चंद्रभागाबाई म्हणाल्या. "पिशवी कशाला लागती? लेकरं झाली, बंदचं ऑपरेशन झालं. रिकामं पोतं घरात कशाला ठिवायचं?"

शेजारच्या बाया खो-खो हसल्या. सिस्टरही हसली. मग म्हणाली, "काकू, तुमची कंबर कवापासनं धरलीय?"

"ऊसानं धरलीय. तुला काय कळतंय? तू बसतीस पंख्याखाली."

"उपकेंद्राचा पंखा दोन वर्सं झाली बंद हाय."

"बंद असू दे न्हाईतर चालू. तुजी आई बरी हुती. तिनं आमाला कदी अक्कल शिकवली न्हाई."

द्वारकानं औषधांची झोळी खांद्याला लावली. आवाज चढवला नाही. "माजी आई पाचवीपुरती आत यायची, काकू. पाच दिवसांत ती काय शिकवनार? मी तर अजून ओट्यावरच हाय. पन सांगते. सरकारी दवाखान्यात बाई डॉक्टर येत्यात, त्यांना दाखवू. हे फडातल्या घाण पान्याचं, ओल्या फडक्याचं दुखनं असतंय बहुतेक. गोळ्या दोघांनी घ्यायच्या, हिनं बी आन् अभिमन्यूनं बी."

"माज्या पोरानं कशाला? त्याला काय पिशवी हाय का?"

पुन्हा हसू उठलं, आणि त्या हसण्यातच बोलणं बुडालं. सिस्टर उठली. शिवकन्या लोटा घेऊन तिच्यामागं नळापर्यंत गेली. चंद्रभागाबाई दाराआड उभ्या होत्या. सुनेचा आवाज हळू होता, पण त्यांना स्पष्ट ऐकू आला.

"सिस्टर, मला भ्या वाटतंय. मला आत्याबाईवानी व्हायचं न्हाई."

चंद्रभागाबाई घरात वळल्या. भाकरी थापताना दोनदा पीठ सांडलं. ही मेली आपल्याला अपशकुनी समजते, असं मनाशी म्हणत राहिल्या. पण रात्री कूस बदलताना कंबरेतून कळ आली, तेव्हा त्यांच्या तोंडून आपोआप निघालं, "वानी म्हंजे कशी?" धर्मराज झोपेत 'हं' म्हणाला.

दसऱ्याला मारुतीच्या पारापुढं कोयते पुजायची इथली रीत. गडी कोयत्याला धार लावून पारापुढं ओळीनं मांडतात, बाया हळद-कुंकू वाहतात, नारळ फुटतो, हलगी वाजते. मग प्रत्येक बाईनं आपल्या जोडीचा कोयता उचलून नवऱ्याच्या हातात द्यायचा. बाईनंच. पुजलेल्या कोयत्याला तिच्या आधी गड्यानं हात लावायचा नाही. तिनं दिला की जोडी पक्की झाली, टोळी बांधली गेली. मुकादम बजरंग दरसाली तिथं पांढरे कपडे घालून उभा राहायचा आणि कोयते मोजल्यासारखे बघायचा.

त्या दिवशी द्वारका सिस्टरही आली. हलगी वाजवणारा तिचा चुलतभाऊ होता, तिला कुणी 'ये' म्हणालं नाही आणि 'जा'ही म्हणालं नाही. ती बायांच्या घोळक्याशी उभी राहिली आणि पिशवीचंच बोलू लागली. काढल्यावर बाईचं काय होतं, बाजूची अंडाशयं गेली की हाडांचं बळ कसं जातं, चाळिशीत म्हातारपण कसं येतं.

"आज सणाचं काय लावलंय हे?" बजरंग म्हणाला. "सिस्टर, तुमी सुया टोचा. टोळी मला बांधू द्या."

"सगळं खोटं हाय," चंद्रभागाबाई म्हणाल्या. आठवडाभराचा राग तोंडात आला होता. "आमी ऊसानं मोडलो. पिशवीचं नाव कशाला? म्या आजबी मोळी उचलीन, बघायचंय का कुनाला?"

तेवढ्यात माळाच्या वाटेनं साळू आली. पंचाहत्तरीची म्हातारी, काटकुळी, डोक्यावर सरपणाचा भारा. पाराच्या अलीकडं दम खायला तिनं भारा खाली टाकला, पदरानं तोंड पुसलं, हलगी ऐकली. मग निघायची वेळ झाली तशी नेहमीसारखी हाक दिली, "हात लावा गं कुनी माय, भारा उचलून द्या."

वाटेवर भारा उचलून द्यायला कोणत्याही बाईनं कोणत्याही बाईला हात लावावा, हा धर्म. पण साळूच्या भाऱ्याला गावची बाई शक्यतो हात लावत नसे. पोरंटोरं लावायची. बाया एकमेकींकडं बघू लागल्या. चंद्रभागाबाई तावातावानं पुढं झाल्या. त्यांना साळूची दया आली नव्हती, त्यांना द्वारकाला दाखवायचं होतं. "सरक गं साळू, तू कशाला? म्या एकलीच उचलून तुज्या डोक्यावर ठिवते."

त्यांनी दोन्ही हात भाऱ्याखाली घातले. जोर केला. भारा वीतभर उठला आणि खाली बसला. पुन्हा जोर केला. या खेपेला भारा जागचा हलला नाही, त्यांचंच कंबरेखालचं सगळं अंग हललं. गुडघे गेले. त्या भाऱ्याला धरून तिथंच मातीत बसल्या. कुणी हसलं नाही. हलगी थांबली.

साळू त्यांच्या शेजारी उकिडवी बसली. त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. सत्तावीस वर्षांपूर्वी शेक देताना फिरवला होता तसाच. "ऱ्हाऊ दे माय. तुजं न्हाई हे आता." आणि उठून, भाऱ्याला गुडघ्याचा टेका देत, एका झटक्यात भारा आपला आपण डोक्यावर घेतला. बायांच्या तोंडून 'अगं बाई!' निघालं.

चंद्रभागाबाई खालून वर बघत होत्या. म्हातारीची मान ताठ होती. त्यांच्यापेक्षा तीस वर्षांनी मोठी. जन्मभर अर्धपोटी. ऊन तेच, माती तीच, राबणं जास्तच. फक्त पिशवी जागेवर. मग त्यांनी मान वळवली आणि सुनेकडं बघितलं. शिवकन्या पोरगी कडेवर घेऊन उभी होती, चोवीस वर्षांची, अंग सरळ. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. वानी म्हणजे कशी, ते चंद्रभागाबाईंना आता कळलं.

"सिस्टर," त्या मातीतूनच म्हणाल्या, "माजं सगळं पिशवीनंच झालं का गं?"

खोटं बोलून जिंकायची ती वेळ होती. द्वारका खोटं बोलली नाही. "सगळं पिशवीनंच असं मी म्हननार न्हाई, काकू. ऊस बी खातोच. आन् ज्या बाईला खरंच गाठ हाय, तिची काढावीच लागती. तिला मी सोता घिऊन जाईन. पन नुसत्या सुजंसाठी, खाड्याच्या भ्यानं, कोवळ्या बाईची काढायची न्हाई. तेवढंच सांगतेय."

"मग खाड्याचं काय?" मागून एकीनं विचारलं. खरा प्रश्न तोच होता.

द्वारका बजरंगकडं वळली. "मुकादम, पाळीत न्हाईतर दुखन्यात बाई दोन दिवस झोपडीत ऱ्हाईली तर खाडा लावायचा न्हाई. फडावर प्यायला चांगलं पानी, आन् बायांना जायला चार पत्र्यांचा आडोसा. टोळीतल्या एका बाईला मी औषधपाणी शिकवून पाठवीन."

बजरंग हसला. "आजून काय पालखी पायजे का? न्हाई म्हनलं तर?"

"न्हाई म्हनलात तर मी काय करनार? कोयते माजे थोडेच हायत." ती एवढंच म्हणाली आणि बाजूला झाली.

चंद्रभागाबाई उठल्या. सुनेच्या खांद्याचा आधार घेतला, पारापर्यंत आल्या आणि आपल्या कोयत्यापुढं मांडी घालून बसल्या. "मुकादम, माजा कोयता पुजलाय. म्या उचलत न्हाई."

"मामी, येडेपना करू नका. मुहूर्त टळतोय."

"टळू दे. बस गं शिवकन्या."

शिवकन्या बसली. तिच्या शेजारी दुसरी बसली, मग तिसरी. बघता बघता पारापुढं बायांची ओळ झाली, पुढ्यात कुंकू लावलेले कोयते, मागं नवरे कान खाजवत उभे. धर्मराज हळूच म्हणाला, "आगं, पन..." चंद्रभागाबाईंनी नुसतं बघितलं. तो म्हणाला, "न्हाई, मी आपला पान खायला चाललोय."

"बे अभिमन्या," बजरंग कावला, "उचल तूच!"

"मारुतीपुढं?" अभिमन्यू म्हणाला. "तुमी उचला मुकादम, म्या बघतो काय हुतंय."

बजरंगनं हात पुढं केला नाही. पुजलेल्या कोयत्याला बाईच्या आधी हात लावायची छाती त्याचीही नव्हती. ऊन डोक्यावर आलं. नारळाच्या पाण्यावर माश्या बसू लागल्या. दोनदा त्याचा फोन वाजला, दोनदा त्यानं बंद केला. शेवटी धोतरावरची धूळ झटकल्यासारखं करत म्हणाला, "बरं. दोन दिवस. पन लबाडी खपवून घेनार न्हाई. आन् पत्रे तुमच्या तुमी लावायचे."

"मारुतीपुढं म्हना," चंद्रभागाबाई म्हणाल्या.

त्यानं मारुतीपुढं म्हटलं. तेव्हा कुठं हलगी पुन्हा वाजली आणि कोयते उठले.

दुसऱ्या दिवशी शिवकन्या दवाखान्यात गेली, पण सरकारी. बाई डॉक्टरांनी तपासलं, गाठ नव्हती. एकाचं दुसऱ्याला पुन्हा लागू नये म्हणून गोळ्या दोघांना दिल्या. अभिमन्यू आठ दिवस मित्रांपासून लपवून खात होता. दिवाळीपर्यंत शिवकन्येचं दुखणं निम्म्यावर आलं. टोळी निघाली तेव्हा औषधांचा डबा चंद्रभागाबाईंच्या मांडीवर होता. द्वारकानं त्यांनाच निवडलं होतं. "सगळ्यांत जास्त भांडनारी बाई लागती या कामाला," म्हणाली. कोणती गोळी कशाची हे त्या गोळीच्या रंगावरून शिकल्या, आणि पाणी उकळल्याशिवाय पिणाऱ्याला फडभर शिव्या द्यायला त्यांना शिकवावं लागलंच नाही. बजरंगनं पहिल्या महिन्यात एकदा खाडा लावला. त्या दिवशी त्याच्या दारापुढं सगळ्या बाया जाऊन बसल्या. पुन्हा लावला नाही.

उन्हाळ्याच्या तोंडाला टोळी परतली. द्वारका पोरीला बघायला आली, नेहमीसारखी ओट्याच्या कडेला टेकू लागली.

"आत ये," चंद्रभागाबाई म्हणाल्या. "चुलीपाशी बस. चहा टाकलाय."

"पाचवी कवाच हुन गेली, काकू."

"म्हनून तर म्हनते. ये."

द्वारका आत गेली. दोघी चुलीपाशी बसल्या. ती गेल्यावर घर सारवलं नाही. शेजारीण दारातून डोकावून बघत होती, तिला चंद्रभागाबाई म्हणाल्या, "काय बघतीस? घर चांगलं हाय माजं."

पुढल्या दसऱ्याला द्वारका सिस्टर शेजारच्या वाड्यांवरही गेली. आपल्यासारख्याच आणखी सिस्टरांना तिनं गोळा केलं, बहुतेक गावकुसाबाहेरच्याच होत्या. कोयतापूजेच्या दिवशी प्रत्येकीनं एकेक पार धरायचा असं ठरलं. पार ही अशी जागा होती की तिथं बोललेलं मुकादमालाही पाळावं लागे. बीडला साहेब लोकांच्या बैठकीत तिला बोलावू लागले. ती जाताना सोबत चंद्रभागाबाईंना नेई आणि म्हणे, तुमीच बोला, तुमचं दुखनं मी कशाला सांगू. काही बाया अजूनही त्या खासगी दवाखान्यात जातात. सगळं गाव एका दसऱ्यात बदलत नाही. पण शिवकन्येच्या वयाच्या बायांमध्ये आता जाणारी एखादीच, आणि ती जायच्या आधी चार जणी तिच्या ओट्यावर जाऊन बसतात. शिवकन्या त्यांत पुढं असते.

साळू थकत गेली. आता तिच्या भाऱ्याला हात लावायला बाया वाटेवर थांबायच्या. तिला ते फारसं आवडत नसे. "म्या काय म्हातारी झाले का?" म्हणायची. शेवटच्या दिवसांत चंद्रभागाबाई मांगवाड्यात तिच्या उशाशी जाऊन बसत. साळू डोळे मिटून विचारायची, "आडवा पोरगा कसा हाय?" अभिमन्यूला ती शेवटपर्यंत आडवाच म्हणाली.

ती गेली तेव्हा द्वारका बीडला बैठकीला निघायच्या तयारीत होती. निरोप ऐकून चंद्रभागाबाई सुनेला घेऊन गेल्या, साळूच्या घराचा उंबरा ओलांडून आत शिरल्या आणि द्वारकाच्या जोडीनं त्यांनी म्हातारीला अंघोळ घातली. साळूचे हात चंद्रभागाबाईंनी स्वतः धुतले, बोटन् बोट सोडवून. पाच दिवस त्या तिथंच राहिल्या. चूल त्यांनीच पेटवली. शिवकन्या सकाळ-संध्याकाळ भाकरी घेऊन यायची आणि तिथंच बसून सगळ्यांबरोबर खायची.

साळूबाई, या गावची सुईण, २०२५ साली चैत्रात, हनुमान जयंतीच्या दिवशी सकाळी वारली.